क्यूएमू आणि लिनक्स कर्नलची सिग्नल स्ट्रक्चर्स जुळत नाहीत? कुठून सुरू करायचं आणि कुठल्या क्रमाने जायचं

प्रोग्रॅम खऱ्या बोर्डवर व्यवस्थित चालतो, तोच क्यूएमूच्या (एका प्रोसेसरचे प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालवणारा इम्युलेटर) यूजर मोडमध्ये, म्हणजे अख्खी मशीन न उभारता फक्त एक प्रोग्रॅम चालवायच्या पद्धतीत, चालवला की सिग्नल (कर्नलकडून प्रोग्रॅमला मिळणारी सूचना) आल्यावर काहीतरी विचित्र होतं. कधी हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालायचं फंक्शन, बोलावलाच जात नाही, कधी हँडलरमध्ये भलताच ॲड्रेस दिसतो, कधी हँडलर नीट संपतो आणि परतताना सेगफॉल्ट येतो. गो, जावा किंवा कुठलंही जिट (चालता चालता मशीन कोड बनवणारा कंपायलर) वापरणारं रनटाइम असेल तर हमखास, कारण ही मंडळी हँडलरमध्ये मिळालेल्या कॉन्टेक्स्टमधून (सिग्नल आला तेव्हाची रजिस्टरची नोंद) प्रोग्रॅम काउंटर (कुठली इन्स्ट्रक्शन चालू आहे तिचा ॲड्रेस) वाचतात आणि बदलतातसुद्धा. गोने तर १.१४ पासून गोरूटीन (गोचा हलका थ्रेड) मध्येच थांबवायला सिगअर्ज सिग्नल वापरायला सुरुवात केली, म्हणजे साधा लूप चालवला तरी हा रस्ता लागतोच.

यूजर मोडमध्ये गेस्टचा, म्हणजे ज्या प्रोसेसरची नक्कल चाललीय त्याचा, कर्नल नसतोच. स्टॅकवर जी सिग्नल फ्रेम खरा कर्नल मांडतो ती इथे इम्युलेटर स्वतः मांडतो, कर्नलच्या स्ट्रक्चरची आपल्याकडे केलेली नक्कल वापरून. नकलेत एक फील्ड पुढेमागे झालं की कंपायलर काही बोलत नाही, वॉर्निंग येत नाही, फक्त बाइट चुकीच्या जागी पडतात.

आणि बहुतेक लोक नेमकं इथेच चुकतात, क्रॅशचा बॅकट्रेस बघून एखाद्या स्ट्रक्चरमध्ये आठ बाइटचं पॅडिंग (रिकामी भर) घालतात, टेस्ट पास झाली की पॅच पाठवतात. असं करू नका. इम्युलेटर स्वतःच लिहितो आणि स्वतःच वाचतो, त्यामुळे चुकीचं स्ट्रक्चरही स्वतःशी अगदी छान जुळतं, तुम्हाला ते कर्नलशी जुळवायचंय. खालचा सगळा क्रम त्यासाठीच आहे. उदाहरण म्हणून मी ६४ बिट रिस्क-फाइव्ह गेस्ट आणि एक्स८६-६४ होस्ट (क्यूएमू ज्यावर चालतो ती मशीन) धरलाय, जिथे दुसरं आर्किटेक्चर वेगळं वागतं तिथे तसं सांगितलंय.

## ० : आधी तयारी, ही टाळलीत तर पुढचं सगळं वाया

पहिली गोष्ट म्हणजे खात्रीचा संदर्भ. बोर्ड असेल तर उत्तम, नसेल तर क्यूएमूचाच सिस्टम मोड वापरा, त्यात खरा रिस्क-फाइव्ह लिनक्स बूट करा. लोकांना वाटतं की दोन्ही क्यूएमूच, मग तुलना कसली. पण सिस्टम मोडमध्ये सिग्नल फ्रेम खरा कर्नल लिहितो, इम्युलेटर फक्त इन्स्ट्रक्शन चालवतो, त्यामुळे तिथून आलेले बाइट म्हणजे कर्नलचेच बाइट.

दुसरं, टेस्टची बायनरी एकच हवी. स्टॅटिक लिंक करा, पाय म्हणजे पोझिशन इंडिपेंडंट पर्याय बंद ठेवा, आणि तीच फाइल दोन्हीकडे कॉपी करा. दोन ठिकाणी दोनदा कंपाइल केलीत तर लायब्ररीचं व्हर्जन, ॲड्रेस, सगळंच बदलतं आणि तुलनेत नको तो कचरा येतो.

तिसरं, कर्नलचा सोर्स उतरवून घ्या. गेस्ट आर्किटेक्चरच्या यूएपीआय (यूजर प्रोग्रॅमसाठी खुली हेडर) फोल्डरमधली सिग्नल, सिगइन्फो, यूकॉन्टेक्स्ट आणि सिगकॉन्टेक्स्ट ही हेडर लागतील, शिवाय त्याच आर्किटेक्चरच्या कर्नल फोल्डरमधली सिग्नलची सी फाइल लागेल, फ्रेम प्रत्यक्षात तिथेच मांडली जाते. एखादं हेडर आर्किटेक्चरच्या फोल्डरमध्ये सापडलं नाही तर घाबरू नका, ते आर्किटेक्चर असम-जेनेरिकमधलं सामायिक हेडर वापरत असतं.

चौथं, क्यूएमू स्वतः डीबग माहितीसकट बिल्ड करा.

सावधान: बायनरी थेट चालवू नका. मशीनवर बिनएफएमटी-मिस्क (परकी बायनरी कुठल्या प्रोग्रॅमने चालवायची ते कर्नलला सांगणारी सोय) सेट असेल तर थेट चालवलेली रिस्क-फाइव्ह बायनरी डिस्ट्रोने इन्स्टॉल केलेल्या क्यूएमूकडे जाते, तुमच्या बिल्डकडे नाही. त्यात नोंदणी एफ फ्लॅगने झालेली असेल तर इंटरप्रिटरची फाइल नोंदणीच्या वेळीच उघडून ठेवलेली असते, तिच्या जागी नवी फाइल ठेवली तरी जुनाच क्यूएमू चालत राहतो. लोक कोड बदलत बसतात आणि फरक काहीच दिसत नाही. प्रत्येक वेळी स्वतःच्या बिल्डचा पूर्ण पाथ द्या.

तपासा: तुमच्या बिल्डमध्ये सिग्नल फ्रेम मांडणाऱ्या फंक्शनमध्ये तात्पुरती एक ओळ प्रिंट करा. ती दिसली तरच पुढे चला.

## १ : बिघाड कुठल्या टप्प्यात आहे ते आधी ठरवा

क्यूएमूला स्वतःचा एसट्रेस पर्याय आहे, तो गेस्टने मागितलेले सिस्टम कॉल दाखवतो. याउलट होस्टवरचा नेहमीचा एसट्रेस क्यूएमूवर लावला तर क्यूएमूने होस्ट कर्नलकडे काय मागितलं ते दिसतं. दोन्ही वेगवेगळ्या फाइलमध्ये काढा आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा, कारण गेस्टने मागितलेलं आणि होस्टला पोचलेलं यातला फरक म्हणजेच भाषांतर.

मग स्वतःला विचारा, हँडलर बोलावला गेला का? नाही गेला तर दोष सिग्नल नंबर, फ्लॅग, मास्क (कुठले सिग्नल रोखून धरायचे त्याची यादी) किंवा सिगॲक्शन (कुठल्या सिग्नलला कुठला हँडलर ते सांगणारं) स्ट्रक्चरमध्ये, टप्पा २ ते ४. बोलावला पण आतली माहिती चुकीची, तर सिगइन्फो (सिग्नल का आला त्याची माहिती) किंवा यूकॉन्टेक्स्ट (वर म्हटलेला कॉन्टेक्स्ट), टप्पा ५ आणि ६. माहिती बरोबर पण परतताना क्रॅश, तर टप्पा ७. तरीही माझं मत असं की टप्पे क्रमानेच करा, कारण आधीचा दोष पुढच्या दोषाला झाकतो, मास्क चुकीच्या जागेवरून वाचला जात असेल तर सिगइन्फोची टेस्ट कधी पास कधी फेल होत राहते आणि तुम्ही भलत्याच फाइलमध्ये शोधत बसता.

सावधान: क्यूएमूच्या जीडीबी पोर्टला जोडून बघत असाल तर सिग्नल आधी जीडीबीकडे जातो. जीडीबीला सांगून ठेवा की सगळे सिग्नल न थांबता, न छापता पुढे पाठव, नाहीतर हँडलर का येत नाही हे शोधण्यात दिवस जाईल आणि अडवणारा जीडीबीच असेल.

## २ : तीन वेगळी स्ट्रक्चर्स आहेत, एक समजू नका

सिगॲक्शन नावाचं स्ट्रक्चर लायब्ररीत एक, कर्नलमध्ये दुसरं आणि इम्युलेटरमध्ये तिसरं. मॅन पेजवर जे दिसतं ते लायब्ररीचं. एक्स८६-६४ वर जीलिबसीच्या (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) स्ट्रक्चरमध्ये हँडलर, मग १२८ बाइटचा मास्क, मग फ्लॅग, मग रिस्टोरर (हँडलर संपल्यावर परत नेणाऱ्या कोडचा ॲड्रेस), एकूण १५२ बाइट. कर्नलचं मात्र हँडलर, फ्लॅग, रिस्टोरर आणि सगळ्यात शेवटी फक्त ८ बाइटचा मास्क, एकूण ३२ बाइट. लायब्ररी मध्ये बसून एकाचं दुसरं करून देते. इम्युलेटरला कर्नलवालं स्ट्रक्चर लागतं, कारण सिस्टम कॉलमधून तेच येतं.

मॅन पेज बघून इम्युलेटरचं स्ट्रक्चर लिहिणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे, म्हणून हा टप्पा वेगळा काढलाय.

रिस्क-फाइव्हवर आणखी एक फरक. तिथे कर्नल रिस्टोरर फील्ड ठेवतच नाही, परतायचा कोड व्हीडीएसओमध्ये (कर्नल प्रत्येक प्रोग्रॅमच्या मेमरीत ठेवतो तो छोटा कोड) असतो. म्हणून स्ट्रक्चर २४ बाइटचं, हँडलर शून्यावर, फ्लॅग ८ वर, मास्क १६ वर. मिप्सवर फ्लॅग पहिले, मग हँडलर, मग मास्क.

काय करायचं: कर्नलची हेडर इन्स्टॉल करून घ्या, एक छोटी सी फाइल लिहा जी फक्त ती हेडर वापरते, क्रॉस कंपायलरने डीबग माहितीसकट ऑब्जेक्ट बनवा आणि त्यावर पाहोल हे टूल चालवा. प्रत्येक फील्ड कितव्या बाइटवर, किती मोठं, मध्ये भोक कुठे, सगळं छापून येतं. मग तेच पाहोल तुमच्या क्यूएमू बायनरीतल्या टार्गेट स्ट्रक्चरवर चालवा. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवा. निम्मे दोष इथेच सापडतात, प्रोग्रॅम चालवायचीसुद्धा गरज पडत नाही.

## ३ : नंबर, फ्लॅग आणि मास्क

हे पटकन होतं पण सोडू नका. रिस्क-फाइव्ह आणि आर्म६४ चे सिग्नल नंबर एक्स८६ सारखेच आहेत, त्यामुळे भाषांतर करायचं पूर्ण विसरलं तरी काही बिघडल्यासारखं दिसत नाही. मिप्स किंवा अल्फा गेस्ट लावला की उघडं पडतं. सिगयूएसआर१ एक्स८६ वर १०, मिप्सवर १६, अल्फावर ३०. सिगचाइल्ड अनुक्रमे १७, १८, २०. सिगइन्फो मागणारा फ्लॅग एक्स८६ वर ४ आहे, मिप्सवर ८. मास्क ब्लॉक करायचा कोड एक्स८६ वर ० आणि मिप्सवर १.

मास्कचा आकारही बघा. बहुतेक ठिकाणी ६४ सिग्नल म्हणजे ८ बाइट, मिप्सवर १२८ सिग्नल म्हणजे १६ बाइट, आणि सिस्टम कॉलला आकार वेगळा पाठवावा लागतो, तो जुळला नाही तर कर्नल ईइनव्हॅल (चुकीचं आर्ग्युमेंट) ही एरर देतो. इम्युलेटरनेही तसंच दिलं पाहिजे, मुकाट्याने स्वीकारलं तर तोही दोषच.

३२ बिट बिग-एंडियन (आकड्याचा सगळ्यात वरचा बाइट आधी ठेवणारा) गेस्ट असेल तर मास्क म्हणजे ३२ बिटचे दोन शब्द, पहिल्यात सिग्नल १ ते ३२, दुसऱ्यात ३३ ते ६४. कोणी तो ६४ बिटचा एकच आकडा समजून उलटवला की दोन्ही शब्द आपापसात बदलतात आणि सिगइंट ब्लॉक करायला गेलं की भलताच रिअल-टाइम सिग्नल ब्लॉक होतो.

तपासा: होस्टच्या जीलिबसीने ३२ आणि ३३ हे सिग्नल स्वतःच्या थ्रेडच्या कामाला राखून ठेवलेत. गेस्टची लायब्ररीही तेच मागते. म्हणून इम्युलेटरला गेस्टचे हे दोन नंबर होस्टवर दुसरीकडे न्यावे लागतात, एकास एक पाठवता येत नाहीत. फक्त थ्रेड रद्द करतानाच अडकत असेल तर आधी इथे बघा.

## ४ : सिगॲक्शनची खरी परीक्षा

लोक टेस्ट अशी लिहितात: सिगॲक्शन सेट करा, परत वाचा, दोन्ही सारखे आले म्हणजे बरोबर. ही टेस्ट काहीच सिद्ध करत नाही, कारण इम्युलेटर ज्या चुकीच्या ढाच्याने वाचतो त्याच ढाच्याने परत लिहितो.

त्याऐवजी असं करा.

१. लायब्ररीचं फंक्शन वापरू नका, थेट सिस्टम कॉल करा. नाहीतर तुम्ही लायब्ररीचं भाषांतर तपासत असता.

२. जुनी सेटिंग परत मिळवण्यासाठी जो बफर देता तो ४० बाइटचा घ्या आणि सगळ्यात हेक्स ५५ भरून ठेवा. रिस्क-फाइव्हवर कॉलनंतर फक्त पहिले २४ बाइट बदललेले दिसले पाहिजेत. ३२ बदलले तर इम्युलेटर नसलेलं रिस्टोरर फील्ड धरून चाललाय, तुमच्या हद्दीच्या पुढे ८ बाइट लिहितोय, आणि खऱ्या प्रोग्रॅममध्ये ते ८ बाइट स्टॅकवरच्या दुसऱ्या कुठल्यातरी व्हेरिएबलचे असतात.

३. मास्कची परीक्षा वागण्यातून घ्या. सिगयूएसआर१ च्या हँडलरसाठी मास्कमध्ये सिगयूएसआर२ घाला, हँडलरच्या आतून स्वतःलाच सिगयूएसआर२ पाठवा, आणि तो हँडलर संपल्यावरच पोचतो का ते बघा. आतच पोचला तर मास्क चुकीच्या जागेवरून वाचला जातोय.

सावधान: हीच टेस्ट एक्स८६-६४ गेस्टवर थेट सिस्टम कॉलने चालवायची असेल तर रिस्टोररचा फ्लॅग, हेक्स ०४००००००, आणि रिस्टोररचा ॲड्रेस स्वतः द्यावाच लागतो, तिथला कर्नल त्याशिवाय फ्रेम मांडत नाही आणि प्रोग्रॅम सेगफॉल्टने मरतो. तो इम्युलेटरचा दोष नाही, टेस्टचा आहे.

## ५ : सिगइन्फोचे १२८ बाइट

सिगइन्फो सगळीकडे १२८ बाइटचं. सुरुवातीला तीन इंटिजर: सिग्नल नंबर, एररनंबर, कोड. त्यानंतर युनियन. ३२ बिटवर युनियन १२ व्या बाइटपासून, ६४ बिटवर पॉइंटरच्या अलाइनमेंटमुळे (फील्ड ठरावीक आकड्याने भाग जाणाऱ्या बाइटवरच सुरू व्हायचा नियम) ४ बाइट रिकामे जाऊन १६ व्यापासून. मिप्सवर एररनंबर आणि कोड यांची अदलाबदल आहे, तिथे कोड आधी.

अलाइनमेंट किती बारीक गोष्ट आहे बघा. २०२१ मध्ये कर्नल ५.१३ च्या तयारीत सिगइन्फोच्या युनियनमध्ये पर्फसाठी (कर्नलचं कामगिरी मोजायचं साधन) एक ६४ बिटचं फील्ड घातलं गेलं. ३२ बिट एक्स८६ वर ६४ बिटच्या फील्डला ४ ची अलाइनमेंट चालते म्हणून तिथे काहीच झालं नाही, पण ३२ बिट आर्मवर ८ लागते, त्यामुळे अख्खं युनियन १२ वरून १६ वर सरकलं. रिलीजच्या आधीच ते फील्ड अनसाइन्ड लाँग करून दुरुस्त केलं गेलं. खुद्द कर्नलमध्ये हे होऊ शकतं तर इम्युलेटरमध्ये होणारच, शिवाय तिथे गेस्टचं स्ट्रक्चर होस्टचा कंपायलर होस्टच्या नियमाने मांडतो. ३२ बिट एक्स८६ गेस्टच्या स्ट्रक्चरमध्ये साधा ६४ बिट इंटिजर टाकलात की एक्स८६-६४ होस्टवर तो ८ ला अलाइन होतो आणि जुळणी गेली. म्हणूनच क्यूएमूमध्ये एबीआय नावाने सुरू होणारे वेगळे टाइप आहेत, गेस्टची अलाइनमेंट त्यांना माहीत असते. तेच वापरा.

आता टेस्ट. एकाच सिग्नलवर समाधान मानू नका, युनियनचा कुठला भाग भरायचा ते कोडवरून ठरतं, म्हणून प्रत्येक जातीचा एक तरी सिग्नल हवा: साधा किल, सिगक्यूने पाठवलेली व्हॅल्यू, टायमर, मूल प्रोसेस संपल्यावरचा सिगचाइल्ड, आणि सेगफॉल्ट. ६४ बिटवर पाठवणाऱ्याचा पीआयडी १६ वर, यूआयडी २० वर. सिगक्यूची व्हॅल्यू २४ वर. सिगचाइल्डचं स्टेटस २४ वर आणि त्यापुढचे दोन वेळ ३२ आणि ४० वर. सेगफॉल्टचा ॲड्रेस १६ वर. सेगफॉल्टसाठी शून्य ॲड्रेस वापरू नका, शून्य दिसलं तर ते खरं शून्य की न भरलेलं हे कळत नाही. एमॅपने (मेमरी मागायचा सिस्टम कॉल) परवानगी नसलेलं एक पान घ्या आणि ते वाचा, कोड २ आला पाहिजे आणि ॲड्रेस त्या पानाचा.

तपासा: स्वतःला रेझ करून पाठवलेल्या सिग्नलचा कोड उणे ६ असतो. गेस्टमध्ये तो ६५५३० दिसला तर समजा की चिन्ह हरवलंय. क्यूएमू आतल्या आत कोडच्या वरच्या १६ बिटमध्ये हे कुठल्या जातीचं सिगइन्फो आहे ते लिहून ठेवतो, आणि गेस्टला देताना खालचे १६ बिट चिन्हासकट पसरवून द्यावे लागतात. तेवढी पायरी राहिली की हा आकडा येतो.

सिग्नलएफडी (सिग्नल फाइलसारखे वाचायची सोय) वापरणाऱ्यांसाठी: त्याचं स्ट्रक्चरही १२८ बाइटचंच पण पूर्ण वेगळं आहे आणि त्याचं भाषांतर वेगळ्या रस्त्याने होतं. सिगइन्फो बरोबर आलं म्हणून ते बरोबर आहे असं धरू नका.

## ६ : यूकॉन्टेक्स्ट, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

रिस्क-फाइव्ह ६४ वर कर्नलची मांडणी अशी: फ्लॅग ० वर, लिंक ८ वर, स्टॅकची माहिती १६ वर (२४ बाइट), मास्क ४० वर (८ बाइट), मग १२० बाइट मोकळे, कारण मास्क पुढे कधी १०२४ बिटचा झाला तर जागा असावी, आणि मग १६ ला अलाइन होऊन एमकॉन्टेक्स्ट म्हणजे रजिस्टरची जागा १७६ वर. आर्म६४ वरही एमकॉन्टेक्स्ट १७६ वरच येतो. एक्स८६-६४ वर क्रम उलटा, आधी एमकॉन्टेक्स्ट आणि नंतर मास्क. एक्स८६ ची फाइल कॉपी करून नव्या आर्किटेक्चरची फाइल बनवली की नेमकी इथे चूक राहते.

टेस्ट अशी लिहा. असेम्ब्लीत प्रत्येक रजिस्टरमध्ये त्याचाच नंबर भरा, म्हणजे रजिस्टर १७ मध्ये हेक्स १७१७१७१७१७१७१७१७, रजिस्टर १८ मध्ये १८१८ वगैरे. रजिस्टर २, ३ आणि ४ ला हात लावू नका, ते स्टॅक, ग्लोबल आणि थ्रेड पॉइंटर. एका रजिस्टरमध्ये परवानगी नसलेल्या पानाचा ॲड्रेस ठेवा आणि तिथून वाचा. हँडलरने बाकी काही करायचं नाही, सिगइन्फोचे १२८ बाइट आणि यूकॉन्टेक्स्टचे ९६० बाइट राइट कॉलने जसेच्या तसे बाहेर टाकायचे आणि लगेच अंडरस्कोर-एक्झिटने संपवायचं. प्रिंटएफ नको, हँडलरमध्ये तो सुरक्षित नाही. परत यायचा प्रयत्नही आत्ता नको, तो पुढच्या टप्प्यात.

दोन्हीकडून आलेल्या फाइल हेक्स डंप करून डिफ करा. स्टॅक पॉइंटर, थ्रेड पॉइंटर, त्या पानाचा ॲड्रेस, मधली मोकळी जागा, फ्लोटिंग पॉइंटचा भाग, हे वेगळं येऊ शकतं, त्याची काळजी नको. बाकीचं बाइटला बाइट जुळलं पाहिजे.

आता चुकलेला डंप कसा वाचायचा ते बघा. एमकॉन्टेक्स्टमध्ये पहिला स्लॉट प्रोग्रॅम काउंटरचा आणि त्यानंतर रजिस्टर १ पासून ओळीने, म्हणजे स्लॉटचा नंबर तोच रजिस्टरचा नंबर. समजा १७६ व्या बाइटवर, जिथे प्रोग्रॅम काउंटर हवा, तिथे १७१७१७१७१७१७१७१७ दिसतंय. म्हणजे तिथे १७ वा स्लॉट आलाय. १७ गुणिले ८ म्हणजे १३६. १७६ वजा १३६ म्हणजे ४०. इम्युलेटरने एमकॉन्टेक्स्ट ४० वर सुरू केलाय, बरोबर तिथे जिथे मास्क हवा होता. निष्कर्ष सरळ, मास्क आणि १२० बाइटची मोकळी जागा एमकॉन्टेक्स्टच्या आधी यायला हवी होती ती आलेली नाही. कुठलाही अंदाज नाही, पॅडिंगचे प्रयोग नाहीत, डंपनेच सांगितलं.

हाच दोष खऱ्या प्रोग्रॅममध्ये कसा दिसतो तेही लक्षात ठेवा. रजिस्टर १७ म्हणजे ए७, त्यात सिस्टम कॉलचा नंबर असतो. रेझ केल्यावर टीजीकिलचा नंबर १३१ तिथे असतो, म्हणून रनटाइम क्रॅश होताना प्रोग्रॅम काउंटर १३१ असा छापतो. प्रोग्रॅम काउंटरच्या जागी असा छोटासा आकडा दिसला की तो सिस्टम कॉलचा नंबर तर नाही ना हे आधी बघा.

आणि साधे प्रोग्रॅम या दोषासकट बिनतक्रार चालतात. फ्रेम ४० वर लिहिली, परतताना ४० वरूनच वाचली, हिशोब जुळला. यूकॉन्टेक्स्ट कोणी वाचेपर्यंत हा दोष वर्षानुवर्षं लपून राहू शकतो, म्हणून हँडलर आला आणि परत गेला एवढ्यावर कधीच समाधान मानू नका.

## ७ : स्टॅक, ट्रॅम्पोलिन आणि परतीचा रस्ता

डंप जुळल्यावरच इथे या.

जीडीबीने हँडलरच्या पहिल्याच इन्स्ट्रक्शनवर थांबा. रिस्क-फाइव्हवर ए० मध्ये सिग्नल नंबर, ए१ बरोबर स्टॅक पॉइंटर, कारण फ्रेममध्ये सिगइन्फो पहिलं, आणि ए२ म्हणजे स्टॅक पॉइंटर अधिक १२८. स्टॅक पॉइंटर १६ ने भाग जाणारा हवा. रिटर्न ॲड्रेस दोन इन्स्ट्रक्शनच्या एका तुकड्याकडे (हाच ट्रॅम्पोलिन) दाखवत असला पाहिजे, ए७ मध्ये १३९ भरणे आणि ईकॉल. १३९ म्हणजे आरटी-सिगरिटर्न. ते दोन इन्स्ट्रक्शन जसेच्या तसे असणं महत्त्वाचं आहे, जीसीसीचा अनवाइंडर (स्टॅक उलगडून बॅकट्रेस काढणारा कोड) हेच बाइट बघून ओळखू शकतो की ही सिग्नल फ्रेम आहे. फ्रेम कुठे आहे हेही तो स्टॅक पॉइंटरवरूनच ठरवतो. परतीचं काम बरोबर पण हँडलरमधून काढलेला बॅकट्रेस तिथेच तुटतो असं असेल तर हा तुकडा तपासा.

मग टेस्ट बदला. हँडलरमध्ये यूकॉन्टेक्स्टमधला प्रोग्रॅम काउंटर ४ ने पुढे ढकला आणि परत या. असेम्ब्लीत कॉम्प्रेस्ड इन्स्ट्रक्शन बंद ठेवा, नाहीतर वाचणारी इन्स्ट्रक्शन २ बाइटची निघते आणि तुम्ही एक जास्तीची ओलांडता. परतल्यावर प्रत्येक रजिस्टरमध्ये आपापला नंबर शाबूत आहे का ते बघा.

तपासा: तोच सिग्नल लगेच दुसऱ्यांदा पाठवा. पहिला आला आणि दुसरा कधीच आला नाही तर परतताना मास्क चुकीच्या जागेवरून उचलला गेलाय आणि सिग्नल ब्लॉक होऊन बसलाय.

ऑल्टस्टॅक (हँडलरसाठी वेगळा दिलेला स्टॅक) वापरत असाल तर त्याच्या स्ट्रक्चरचा क्रमही बघा. नेहमीचा क्रम ॲड्रेस, फ्लॅग, आकार. मिप्सवर ॲड्रेस, आकार, फ्लॅग. कमीत कमी आकारही वेगळा, एक्स८६ वर २०४८ तर आर्म६४ वर ५१२०, कारण आर्म६४ च्या सिगकॉन्टेक्स्टमध्ये ४०९६ बाइट जास्तीच्या रजिस्टरसाठी राखलेले असतात. व्हेक्टर रजिस्टर आली की फ्रेम आणखी मोठी होते, म्हणून कर्नल प्रोग्रॅमला ऑक्झिलरी व्हेक्टरमधून (सुरू होताना कर्नल प्रोग्रॅमला देतो ती माहितीची यादी) खरा कमीत कमी आकार सांगतो. जीलिबसीनेही २.३४ पासून सिगस्टॅकसाइझ (ऑल्टस्टॅकचा सुचवलेला आकार) स्थिर आकडा ठेवलेला नाही.

## ८ : दुरुस्ती पक्की करा

क्यूएमूमध्ये फ्रेमचा कोड लिनक्स-यूजर फोल्डरमध्ये त्या त्या आर्किटेक्चरच्या सिग्नल फाइलमध्ये असतो, सामायिक भाग वरच्या सिग्नल फाइलमध्ये. सामायिक फाइल बदलण्याआधी दहादा विचार करा, तुमच्या एका गेस्टसाठी केलेला बदल बाकी सगळ्यांना लागतो. आर्किटेक्चरपुरता फरक असेल तर तो त्या आर्किटेक्चरच्या हेडरमध्येच मांडा. रिस्टोरर आहे की नाही हेही तिथे एका मॅक्रोने सांगता येतं.

गेस्टच्या स्ट्रक्चरमध्ये होस्टचा पॉइंटर, होस्टचा लाँग किंवा होस्टचा सिगसेट कधीही ठेवू नका. मग महत्त्वाच्या प्रत्येक फील्डच्या जागेसाठी स्टॅटिक ॲसर्ट लिहा, एमकॉन्टेक्स्ट १७६ वर नसेल तर बिल्डच होऊ नये. कर्नलमध्येही एक्स८६, आर्म आणि आर्म६४ साठी सिगइन्फोच्या फील्डवर असेच बिल्डच्या वेळचे चेक आहेत, त्यातले आकडे तुम्हाला आयते मिळतात.

रजिस्टरमध्ये नंबर भरणारी टेस्ट फेकून देऊ नका. ती टेस्ट्स फोल्डरच्या टीसीजी (क्यूएमूचा इन्स्ट्रक्शन भाषांतर करणारा भाग) विभागात घाला, म्हणजे चेक-टीसीजी चालवलं की दर वेळी चालेल. शक्य असेल तर एकदा बिग-एंडियन होस्टवरही चालवा, एखाद्या फील्डचे बाइट उलटवायचे राहिले असतील तर लिटल-एंडियन होस्ट आणि लिटल-एंडियन गेस्टवर ते कधीच दिसत नाही.

पॅचच्या मेसेजमध्ये तीन गोष्टी लिहा: कर्नलच्या कुठल्या फाइलमधल्या कुठल्या स्ट्रक्चरशी जुळवलंय, दुरुस्तीआधी कितव्या बाइटवर काय येत होतं आणि आता काय येतं, आणि संदर्भाचा डंप कुठल्या कर्नल व्हर्जनवर घेतला. एवढं असलं की रिव्ह्यू करणाऱ्याला तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज पडत नाही, तो तीच बायनरी चालवून तोच डंप काढू शकतो.